तीन कडव्यांचं डाउनलोड

सिंधुबाईला मुकी म्हणेल असा माणूस चिंचटेकात शोधूनही सापडला नसता. ती अंगणात बोलली की नाल्यापलीकडच्या वावरातला गडी काम थांबवून "काय म्हणता?" असं विचारी. आणि तरी तीन वर्षांपूर्वी, पोटच्या मुलाच्या, चंदनच्या, लग्नात, साडेतीनशे माणसांच्या पंगतीत ती मुकी ठरली होती.

त्याचं असं, की तापीकाठच्या या गावांमधून नवरदेवाकडची मंडळी जेवायला बसली की नवरीकडच्या बाया मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या राहतात आणि गाळी गातात. गाळी म्हणजे शिव्याच, पण चालीवर. व्याह्याचं पोट, विहिणीचं नाक, मामाच्या मिशा, कशालाही माफी नाही. नियम दोनच. ज्याला राग आला तो हरला, आणि ज्याला उलट गाता आलं नाही तो त्याहून हरला. रागावलेला माणूस निदान घरी जाऊन थंड होतो. गप्प बसलेल्याला लोक नाव ठेवतात, आणि ते नाव रेशनकार्डावरच्या नावापेक्षा जास्त टिकतं.

चंदनच्या लग्नात सुनेच्या, म्हणजे रुपाच्या, पाच मावश्यांनी सिंधुबाईला नथीपासून धरलं आणि चपलेपाशी सोडलं. सिंधुबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आत घास होता. तो गिळला, पुन्हा तोंड उघडलं, तर आत काहीच नव्हतं. तिच्या सासूला म्हणे शंभरावर गाळी पाठ होत्या. पण सासूनं मरताना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, पितळी हंडा दिला, भाऊबंदांशी चाललेलं बांधाचं भांडण दिलं. गाळी तेवढ्या बरोबर घेऊन गेली. त्या दिवसापासून पाच-पंचवीस गावांत सिंधुबाई 'चिंचटेकनी मुकी याहीन', म्हणजे मुकी विहीण, झाली.

आता मुलीचं, शीलाचं, लग्न निघालं होतं. मांडव स्वतःच्या दारी, गाळी गायची पाळी आपली. हरलेल्या बाजीचं उट्टं काढायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात नव्हता.

त्यात साखरपुड्यालाच ठिणगी पडली. नवरदेव भाग्येश हा जुनखेड्याचा, बिचारा गरीब स्वभावाचा, बँकेत चिकटलेला. त्याची आई जसोदाबाई मात्र गरीब स्वभावाची नव्हती. नारळ-साखर झाली, चहा झाला, आणि जसोदाबाई पदर सावरत म्हणाली, "याहीनबाई, लगीनमा आम्हले गाळी ऐकाले भेटतीन ना? का मुक्यानंच जेवानं शे?"

बायका हसल्या. सिंधुबाईला ते हसू तिखटाच्या धुरासारखं नाकात गेलं. विषय बदलावा म्हणून तिनं घरचं सोनं बाहेर काढलं, म्हणजे नवऱ्याची पोटरी.

चुडामणच्या डाव्या पोटरीवर तीन दातांचा व्रण होता आणि त्या व्रणामागं शौर्यकथा होती. लग्नाआधी, ऐन तारुण्यात, तालुक्याच्या बसस्थानकावर एक पिसाळलेलं कुत्रं कुणा मास्तरांच्या लहान पोरीवर धावलं. सगळे पळाले. चुडामणनं मध्ये आपला पाय घातला. पोर वाचली, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. ही कथा सिंधुबाईनं तीस वर्षांत किती जणांना ऐकवली असेल त्याचा हिशेब नाही. दर वर्षी हिवाळ्यात त्या व्रणावर ती स्वतःच्या हातानं तीळतेल चोळायची.

जसोदाबाईनं सगळी कथा शांतपणे ऐकली. मग विचारलं, "कोन्ती पोटरी व, याहीनबाई? डावी का उजवी?"

"डावी."

"हां," जसोदाबाई म्हणाली आणि चहाच्या कपात बघून हसली. "डावीच."

सिंधुबाईला वाटलं, विहीण दिपली.

*

लग्नाला महिना उरला होता आणि सिंधुबाईजवळ एकही गाळी नव्हती. रुपाच्या मावश्यांना विचारायचं तर जीव गेला तरी चालेल. खुद्द रुपाला काही येत नव्हतं, ती डी.एड. करून भरतीच्या जाहिरातीची वाट बघत बसलेली, तिला बालमानसशास्त्र येत होतं.

पण रुपाजवळ मोबाईल होता.

"आत्याबाई, मोबाईलवर सगळं भेटतं," रुपा म्हणाली. "गाळीबी भेटतीन. ढीगनं शेत."

अडचण एवढीच, की चिंचटेक बसलंय नाल्याच्या खोलगटात. तिथं रेंज पाहुण्यासारखी येते, उंबऱ्यावर पाय ठेवते आणि परत जाते. त्यामुळं गावाची रीत ठरलेली होती. बाजाराच्या दिवशी धानोऱ्याला जायचं, जीप परत निघेपर्यंत जे पाहिजे ते मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचं, आणि आठवडाभर घरी बसून बघायचं. भाजी, किराणा, सिनेमा, कीर्तन, सगळं एकाच फेरीत.

या रीतीचा घरातला पहिला भक्त चुडामण. त्याच्या स्वतःच्या खिशात बटणांचा फोन, पण सुनेच्या मोबाईलमध्ये त्यानं पुढच्या सात जन्मांची सोय करून ठेवली होती. ड्रॅगन फ्रूटपासून एकरी पंधरा लाख. सायटिका सात दिवसांत गायब. नारळ हातात धरून जमिनीतलं पाणी कसं शोधावं, भाग एक ते नऊ. "उतारी ठेव बेटा, निवांत पाहसूत," असं तो दर बाजाराला सांगे. निवांतपणा त्याला रोज सकाळी नऊपासून असे, पण व्हिडिओ एकही पाहिलेला नव्हता. सिंधुबाई उन्हाळ्यात कुरडया-पापड डबे भरभरून ठेवते, त्या निदान पावसाळ्यात तळल्या तरी जातात.

पहिल्या बाजारी रुपानं आठ गाणी साठवून आणली. दोन दिवस बायांनी ती नुसती ऐकली. पाठ करायला बसल्या त्या दिवशी मोबाईल म्हणाला, पुढे बघायचं असेल तर आधी इंटरनेटला जोडा.

"उतारेल व्हतं ना?" सिंधुबाई.

"उतारेल व्हतं, आत्याबाई. पन आपलं नव्हतं. मधून मधून मालकले तोंड दाखाडनं पडस."

"मंग हाई उतारनं कसानं? हाई ते उसनं आननं व्हयनं!"

दुसऱ्या बाजारी रुपानं धानोऱ्यातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून दुसरंच एक ॲप टाकून घेतलं. ते ॲप कुणाला तोंड दाखवत नव्हतं, म्हणून सासऱ्याचे व्हिडिओही तिनं त्यातच पुन्हा उतरवले. त्याच्या खोडी वेगळ्या. व्हिडिओचं मूळ नाव, गाव, कुणी टाकलं, खाली लोकांनी काय लिहिलं, ते सगळं पुसून त्याला लांबलचक आकडा देई, जेलमधल्या कैद्याला देतात तसा. आणि लांब व्हिडिओ असला की त्याचे तुकडे पाडून एकेक करून उतरवी. रुपाला एक गाणं फार आवडलं. पहिला तुकडा उतरला, दुसरा उतरला, तिसरा निम्म्यावर होता तेवढ्यात काळीपिवळीवाल्यानं हॉर्न दिला. चौदा माणसं आत बसलेली, पंधरावी रुपा. जीप एका गाण्यासाठी थांबत नाही.

घरी येऊन लावलं. पडद्यावर कुठल्याशा मांडवात सात-आठ बाया, सगळ्यांचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले. चित्र काढणाऱ्यानं बायांपेक्षा मांडवाच्या झालरीला जास्त भाव दिलेला. मधोमध एक बाई उभी, आणि तिचा आवाज असा, की फाटक्या सुपातून गहू पाखडावा.

"माय वं, काय गळा शे या बाईना!" सिंधुबाई म्हणाली. "इना नवरा बहिरा असंन."

पण गाणं! गाणं ऐकून सिंधुबाई चुलीवरचं दूध विसरली.

*आंगणमा बठनी पंगत, याही,*
*पत्रावळवर तूपनी धार,*
*एक बट्टी पोटमा गयी,*
*खिसामा गयात चार!*

बट्टी म्हणजे खानदेशच्या लग्नाचा जीव. गव्हाच्या जाड पिठाचा गोळा शिजवून, कापून, तळून वरणात आणि तुपात बुडवायचा. ती खिशात घालून नेणारा हावरा व्याही, हे चित्रच असं होतं की ऐकणाऱ्यानं ताटावरच लोळावं.

*धव्वी सफारी, इस्तरी कडक,*
*खिसा उनात फुगी,*
*चाले ते मांगे तूपनी लकीर*
*धार पडाले लागी!*

*कुत्रं सांगे कुत्रीले, बाई,*
*आज आपला सन,*
*दोन पायवर चालत उनं*
*वरण-बट्टीनं धन!*

इथं तुकडा संपला. सिंधुबाईला वाटलं, गाणं संपलं. आणि खरं सांगायचं तर ते तिथं संपल्यासारखं वाटतही होतं; पांढऱ्या सफारीतला माणूस पुढं, कुत्री मागं, बाकीचं ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

"बस," सिंधुबाई म्हणाली. "हाईच. जसोदाबाईले हाईच घालसूत."

शेजारच्या तीन बाया जमवल्या. रुपानं गाणं त्यांच्याही मोबाईलमध्ये पाठवलं. दुपारी भांडी आवरली की ओसरीवर तालीम सुरू. चौघींचे चार मोबाईल, त्यामुळं कुत्रं कुत्रीला एकाच वेळी चार ठिकाणी सांगे.

तिसऱ्या दिवशी चुडामण वावरातून पाणी प्यायला आला. तांब्या तोंडाला लावला होता, तेवढ्यात 'धव्वी सफारी' कानावर पडलं. पाणी नाकातून बाहेर आलं.

"हाई गाणं कोठेथीन आनं?"

"मोबाईलमातीन," सिंधुबाई म्हणाली. "काब्रं? कसं शे?"

"घाणेरडं शे."

"गाळी शे. घाणेरडंच ऱ्हास."

"पोरगीना सासरले असं म्हनतस का? उद्या तिनं तठे जीनं शे." चुडामणनं तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "त्यापेक्षा डीजे लावूत. मोठा लावूत."

जो माणूस चंदनच्या लग्नात डीजेला 'काळीज फाडणारी भानगड' म्हणाला होता, तो आज मोठा डीजे लावतो म्हणतो? सिंधुबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. घाम फुटलेला. तिनं मनात नोंद केली: नवरा व्याह्यांना भितो. आणि नवरा भितो म्हटल्यावर आपण भिऊन चालणार नाही, हे तिच्या संसाराचं पहिल्यापासूनचं सूत्र होतं.

"हाईच गाणं व्हई," ती म्हणाली. "दोन डाव म्हनसू."

चुडामणनं सुनेकडं वशिला लावून पाहिला. "रुपाबेटा, मोबाईल भरी गया व्हई ना. ते गाणं काढी टाक."

"मामा, भरेल तर शेच. पन जागा तुम्हना नारळनी खादी शे. भाग एक ते नऊ."

दुसऱ्या दिवशी बाया जेवून आडव्या झाल्या तेव्हा चुडामणनं मोबाईल हातात घेतला. साठवलेल्या व्हिडिओंची यादी उघडली. सगळे आकडे. बोट दाबून धरलं की मोबाईल विचारायचा, काढून टाकू का? चुडामण म्हणायचा, हो. असं त्यानं अंदाजानं अकरा वेळा हो म्हटलं. रुपा उठून बघते तो ड्रॅगन फ्रूट गेलं, सायटिका गेली, नारळाचे नऊही भाग गेले. गाणं जागच्या जागी. एक आकडा वाचला होता, तो नेमका तोच.

"मामा, तुम्ही तुम्हनंच सगळं काढी टाकं!"

"पाही लिधं व्हतं मी," चुडामण कसाबसा म्हणाला.

सरळ बायकोजवळ बसून सांगून टाकलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण तीस वर्षं तीळतेल चोळून घेतलेला माणूस पाच मिनिटांच्या कामाला धजत नाही. त्याला एकच आशा उरली: गाणं तीन कडव्यांवर थांबतंय. त्यानं ते ओसरीच्या आडून दोनदा, तीनदा ऐकून खात्री करून घेतली होती. देव करो आणि चौथं कुणाला आठवू नये.

*

लग्न लागलं. अक्षता पडल्या. भर दुपारी जुनखेड्याच्या बायांची पंगत बसली. मधोमध जसोदाबाई, पुढ्यात वरण, वांग्याची भाजी आणि चार बट्ट्या. नवरीचा बाप म्हणून चुडामण तुपाची बादली घेऊन वाढत होता. शीला आणि भाग्येश मांडवाच्या कोपऱ्यात खुर्च्यांवर बसून आपलं लग्न दुसऱ्याच कुणाचं असावं तसं बघत होते.

सिंधुबाईनं मांडवाचा खांब धरला. घसा खाकरला. पाच-पंचवीस गावांतल्या बाया माना वळवून बघायला लागल्या. मुकी बोलणार होती.

"आंगणमा बठनी पंगत, याही..."

पहिल्या ओळीला शांतता. दुसरीला कुणीतरी खुदकन हसलं. 'खिसामा गयात चार' म्हणताच सगळी पंगत फुटली. सिंधुबाईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तिनं सफारी कडक इस्तरीची केली, खिसे फुगवले, तुपाची धार सांडली. मात्र एक गोष्ट तिला जरा खटकत होती. गाळी जुनखेड्याच्या बायांना लागायला हवी होती. त्या तर मान डोलवत होत्या. एक म्हातारी ग्लासावर चमचा वाजवून ताल धरून होती. दोघी-तिघी तर ओठांतल्या ओठांत बरोबरीनं म्हणत होत्या. जुनखेड्याचे लोक एवढे खेळकर असतील असं सिंधुबाईला वाटलं नव्हतं.

तूपवाला चुडामण पंगतीच्या मधोमध थिजला होता. एका पाहुणीच्या पत्रावळीत तुपाचं तळं साचलं तरी त्याची पळी सरळ होईना.

तिसरं कडवं संपलं. बाया टाळ्या पिटायला लागल्या. सिंधुबाईनं पदर कमरेला खोचला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"थांबन्यात काब्रं?" जसोदाबाईनं विचारलं. "म्हना ना म्होरे."

"संपनं गाणं."

"कसं संपनं?" जसोदाबाईनं हातातली बट्टी पत्रावळीवर ठेवली. "मन्हं गाणं शे ते, याहीनबाई. मन्ही नणंदना लगीनवर मी जोडेल. कडवा चार शेत."

आणि तिनं पदर ओढला तो थेट हनुवटीपर्यंत. पदराआडून जो आवाज निघाला तो फाटक्या सुपातून गहू पाखडल्याचा होता.

*कुत्रं मांगे, सफारी पुढे,*
*वावर-नाला पार,*
*तीन दातनी निशाणी लई गया*
*चुडामन चिंचटेककर!*

पंगत हसली नाही, कोसळली. ताल धरणाऱ्या म्हातारीच्या हातातला चमचा उडाला. जसोदाबाईनं पदर मागं सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "नणंदना त्याच लगीनमा उना व्हता, वरातमा. जुनखेडेनी शीववर कुत्रानी धरं. डावी पोटरी."

सिंधुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. चुडामण बादली पोटाशी धरून उभा होता, आणि त्याचा डावा पाय हळूहळू उजव्याच्या मागं लपत होता.

म्हणजे बसस्थानक नाही. मास्तर नाहीत, मास्तरांची पोरही नाही. तीस हिवाळ्यांचं तीळतेल बट्टीच्या चोरीवर चोळलं गेलं. शिवाय ती चोरी आज आपणच, स्वतःच्या मांडवात, खांब धरून, तालीम करकरून गायली. तिच्या कानशिलात राग चढायला लागला. मग आठवलं: राग आला की हरलो. तिनं राग गिळला. मग आठवलं: गप्प बसलो की त्याहून हरलो. सगळ्या माना तिच्याकडं. रुपा मांडवाच्या कडेला मोबाईल हातात घेऊन यादी वर-खाली करत होती. पण आता उतरवलेलं काही कामाचं नव्हतं, आणि शंभर माणसं एकच शब्द ओठांवर घेऊन थांबली होती. मुकी.

तेवढ्यात जसोदाबाईनं जिंकलेल्या माणसाच्या सावकाशीनं बट्टी उचलली आणि वरणात कुस्करायला घेतली. आचाऱ्यानं घाईत तळलेली बट्टी ती. अंगठ्यानं दाबली, तुटेना. दोन्ही हातांनी दाबली.

सिंधुबाईनं ते पाहिलं. आणि कुठलाही मोबाईल न लावता तिच्या तोंडातून निघालं:

*जुनखेडेनं कुत्रं शानं,*
*बट्टी हुंगी पाही,*
*दात तुटतीन म्हनीसनी त्यानी*
*पोटरी खादी, याही!*

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग म्हातारीला कळलं. तिनं जे हसायला सुरुवात केली ते ठसका लागून पाठीत बुक्के मारेपर्यंत. कुत्र्यानं बट्टी सोडून माणूस पसंत केला, असली बट्टी! चिंचटेकच्या बायांनी खांब हलवला. सिंधुबाई थांबेना, आत कुठंतरी सासूनं नेलेल्या गाळींच्या कपाटाची किल्ली सापडली होती.

*सात बट्टी घर लई उना,*
*आजबी घरमा शेत,*
*तीन चुल्हाले, चार खाटले*
*टेकू म्हनीसन देत!*

जसोदाबाईनं सिंधुबाईकडं पाहिलं, मग हातातल्या बट्टीकडं. ती बट्टी आज चिंचटेकच्या आचाऱ्याची होती, हे ती म्हणू शकली असती. ते तिला सुचलंही असावं, कारण एकदा तिचं तोंड उघडलं. पण त्यात हसू भरलं आणि ते बाहेर सांडलं. तिनं बट्टी पुढ्यातल्या ग्लासावर आपटली, टण्ण. "घ्या व," ती डोळे पुसत म्हणाली, "मुकी फुटनी! आते हाई बाई मरेलोक गप बसाव नई."

"बठसू कशी?" सिंधुबाई म्हणाली. "तुम्हीच ते उघाडं मन्हं तोंड."

मग जसोदाबाईनं हात पुढं करून कसाबसा तोडलेला बट्टीचा पहिला तुकडा सिंधुबाईच्या तोंडात कोंबला. तो चावेपर्यंत सिंधुबाईला खरोखरच काही बोलता आलं नाही.

*

शीला सासरी गेली. पाहुणे पांगले. बाजाराच्या दिवशी रुपा धानोऱ्याहून आली ती धावतच. जुनखेड्याच्या कुणा पोरीनं मांडवातलं सगळं चित्रित करून टाकलं होतं: चारही कडवी, वरची दोन, म्हातारीचा ठसका, आणि मधोमध बादलीसकट चुडामण. लोक बघत सुटले होते. यावेळी रुपानं दोन जीपा सोडल्या, तिसरीनं आली, पण गाणं पुरतं उतरवून आली. आकडाही काढला आणि त्याजागी मराठीत नीट नाव दिलं: 'मामांची पोटरी'.

चुडामण ओसरीवर पाय पोटाशी घेऊन बसला होता. लग्नापासून बायको त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. म्हणजे दिवसातून तीनेक तासच.

"बेटा, ते काढी टाकता येई ना?" त्यानं सुनेला विचारलं.

"आपला मोबाईलमातीन येई, मामा. दुन्यामातीन नई येवाव."

रुपा आत गेली. सिंधुबाई तेलाची वाटी घेऊन बाहेर आली, त्याच्यासमोर बसली, पण वाटी बाजूला ठेवली.

"आते खरं सांगा. कितल्या व्हत्यात? जसोदाबाई चार म्हनस. मी सात म्हंतं, ते चालमा बसाडाले. खऱ्या कितल्या?"

चुडामणनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"अकरा."

"अकरा!"

"सफारीले चार खिसा व्हतात," तो पडेल आवाजात म्हणाला. "वरना दोन ल्हान, खालना दोन मोठा. बारावी हातमा व्हती."

"ती काय करी?"

"कुत्राले फेकी."

"मंग?"

चुडामणनं पोटरीवरून हात फिरवला.

"हुंगी पाही त्यानी," तो म्हणाला, "नी सोडी दिधी."